कमी आवाजाचं कॉफी मशीन

“अजून एकदा लावून दाखवा,” मिलिंद म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

दुकानातली मुलगी बिचारी ‘हो सर’ म्हणाली आणि तिने बटण दाबलं. मशीनच्या वरच्या डब्यातल्या कॉफीच्या बिया आत ओढल्या गेल्या आणि असा काही खरखराट सुरू झाला, की शेजारी फ्रिज बघणारे एक आजोबा दचकून मागे वळले. त्यांच्या सुनेच्या कडेवरच्या पोराने भोकाड पसरलं.

“मिलिंद, बास झालं. हे आपल्याला घ्यायचंच नाहीये.”

“एक मिनिट गं.”

“काय एक मिनिट? आपलं काय ठरलं होतं?”

आमचं ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. मी तेव्हा नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पहिला तास सकाळी सात दहाला. मिलिंद अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. आमची केतकी एक वर्षाची होती. तिला दिवसभर सांभाळायला सासूबाई सटाण्याहून येऊन राहिल्या होत्या, म्हणून तर घर चाललं होतं. पण सकाळच्या कॉफीला त्यांचा हात लागायचा नाही. त्यांच्या लेखी कॉफी म्हणजे पाहुणे आले की दुधात उकळून वर जायफळ किसायचं प्रकरण. रोज कोण पितं? त्यामुळे केतकीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हाताने दूध ढवळत मी ओट्याशी उभी असायचे आणि आठवड्यातून दोनदा दूध उतू जायचं. उतू गेलं की माझाही पारा चढायचा. मग सगळं घर मुकाट्याने कामं करायचं.

म्हणून कॉफी मशीन घ्यायचं होतं. मी यादीच केली होती. एक, आवाज कमी, केतकी उठता कामा नये. दोन, एका हाताने लावता आलं पाहिजे. तीन, काचेचं भांडं नको, पोरगी आता धरून उभी राहायला लागली होती. चार, रात्री पूड नि पाणी भरून ठेवलं की पहाटे आपोआप सुरू व्हावं. यात बसणारं एक साधं ठिबकणारं मशीन मी आल्या आल्या बघून ठेवलं होतं. पाच मिनिटांत पैसे देऊन बाहेर पडलो असतो. पण मिलिंदने ते हातातही घेतलं नाही. तो दुकानातल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात महाग आणि सगळ्यात कर्कश मशीनपाशी जाऊन उभा राहिला होता.

त्याला एक खोड होती. कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय त्याचं समाधान व्हायचं नाही. “एक रीडिंग म्हणजे रीडिंगच नाही,” हे त्याचं आवडतं वाक्य. मला बघायलासुद्धा तो तीनदा आला होता, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला विचारलं होतं, की आता काय दात मोजायचे राहिलेत का. मी ही त्याची खोड हसण्यावारी न्यायचे. त्या रविवारी मात्र मला हसू येत नव्हतं. शुक्रवारी संक्रांत झाली होती. गोड बोला, गोड बोला म्हणत मी स्टाफरूमभर तीळगूळ वाटला होता, आणि माझं स्वतःचं गोड बोलणं दोन दिवससुद्धा टिकलं नव्हतं.

पहिल्या वेळी मशीन लावलं तेव्हा केतकी काउंटरवर बसली होती. खरखर सुरू झाल्याबरोबर ती हसली आणि तिने दोन्ही तळहात काउंटरवर आपटले.

“बघ, तिला आवडलं,” मी म्हणाले.

“तिला काउंटरवरून उचल,” मिलिंद म्हणाला. “कडेवर घे. आता लावा परत.”

दुसऱ्या वेळी ती माझ्या कडेवरून मशीनकडे टकामका बघत राहिली. बिया खाली जात होत्या, ते तिला दिसत होतं. तेव्हाच ते दुसरं पोर रडायला लागलं. त्याची आई माझ्याकडे रागाने बघत होती, जणू मशीन मीच लावलं होतं.

“आता असं कर,” मिलिंद म्हणाला, “तू तिला घेऊन तिकडे वॉशिंग मशीनपाशी उभी राहा. तिचं तोंड पलीकडे कर.”

“कशाला?”

“सकाळी ती आतल्या खोलीत असणार ना? तिथवर किती आवाज जातो, ते कळायला नको?”

हे मात्र मला पटलं. धुसफुसत का होईना, मी गेले. केतकीला खांद्यावर घेतलं, तिचं तोंड वॉशिंग मशीनच्या बाजूला केलं. त्याच्यावर एक चकचकीत स्टिकर होता, तो ती नखाने खरवडायला लागली. मागे खरखराट सुरू झाला. तो रडणारा मुलगा आणखी किंचाळला. दारातला सुरक्षारक्षकसुद्धा वळून बघायला लागला. केतकी स्टिकरचा कोपरा सोडवत होती.

मी मान वळवून बघितलं तर मिलिंदचं मशीनकडे लक्षच नव्हतं. तो केतकीकडे बघत होता. मला वाटलं, पोरगी घाबरली का ते बघतोय.

“झालं समाधान?” मी परत येऊन म्हणाले. मग त्या मुलीकडे वळले. तिच्या ओढणीवर बिल्ला होता, नाझनीन. “आमची केतकी ना, कशानेही उठत नाही. मिक्सर लावा, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या. दिवाळीत दारात लक्ष्मी बॉम्ब फुटला, शेजारची मोठी मुलं कान धरून आत पळाली, ही आपली रांगोळीतले रंग चिवडत बसली होती. इतकी धीट आहे.”

नाझनीन हसली नाही. ती केतकीकडे बघत होती. तिने काउंटरच्या खाली हात नेऊन हळूच टिचकी वाजवली. मग जरा जोरात. केतकीने मान वळवली नाही.

“मॅडम, एक बोलू? राग नका मानू,” ती म्हणाली. “बाळाला ऐकू येतं ना नीट?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय म्हणालात?”

“नाही, म्हणजे माझ्या मावशीचा मुलगा असाच होता. सगळे म्हणायचे, किती शांत आहे, किती...”

“तुमच्या मावशीचा मुलगा गेला चुलीत! तुम्हाला इथे मशीन विकायला ठेवलंय की लोकांच्या मुलांत खोट काढायला? मॅनेजर कुठे आहेत? बोलवा त्यांना.”

“मॅडम, सॉरी, मी तसं नव्हते...”

“बोलवा म्हणते ना!”

मॅनेजर आला. त्याने काय झालं हे विचारलंसुद्धा नाही. मी काय बोलतेय ते अर्धवट ऐकलं आणि त्या मुलीला म्हणाला, “मॅडमची माफी माग.” तिने मागितली. “सरांची पण.” तिने मिलिंदकडे वळून परत मागितली. तिचे डोळे भरून आले होते. मिलिंद खाली बघत उभा होता. खरं सांगते, ती रडवेली झालेली बघून मला बरं वाटलं. इतकी वर्षं झाली, मी परत कधी त्या दुकानात गेले नाही. तिची माफी मागायला जावं, असं अनेकदा मनात आलं. दुकानाच्या समोरून रिक्षाने गेले, उतरले नाही. ते मला जमलं नाही.

आम्ही काही न घेता बाहेर पडलो. पार्किंगमध्ये मिलिंदने केतकीला कानटोपी घातली, तिचे बंद नीट बांधले. स्कूटरला किल्ली लावली, पण सुरू केली नाही.

“तू तिथे मूग गिळून का उभा होतास?” मी म्हणाले. “कोणीतरी दीडदमडीची पोरगी तुझ्या मुलीला बहिरी म्हणते आणि तू जमिनीकडे बघतोस?”

“ती खोटं कुठे बोलली?”

“म्हणजे?”

“पहिल्या वेळी केतकी काउंटरवर होती,” तो म्हणाला. “काउंटर थरथरत होता म्हणून ती हसली. ते धरायचं नाही. दुसऱ्या वेळी तिला मशीन दिसत होतं. तेही सोडून दे. तिसऱ्या वेळी तिला काही दिसत नव्हतं, अंगाला काही लागत नव्हतं. सगळं दुकान वळून बघत होतं. ती स्टिकर खरवडत होती.”

साहेबापुढे रिपोर्ट वाचावा तसं तो बोलत होता. ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कॉफी मशीन घ्यायला आले होते. तो त्यासाठी आलेलाच नव्हता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीपासून. तू म्हणालीस ना, तो बॉम्ब फुटला तेव्हा. सगळे कौतुक करत होते, आई गल्लीभर सांगत सुटली होती, खैरनारांची पोर किती धीट! मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. वृषाली, धीट मूलसुद्धा आधी दचकतं. मग धीर धरतं. ही दचकलीच नव्हती.”

“आणि मग तू काय केलंस?”

“तपासत होतो. तू कॉलेजला गेलीस की. ताट वाजवून, दार आपटून. कधी वाटायचं वळली, कधी वाटायचं योगायोग. खात्री होत नव्हती.”

“तीन महिने? तीन महिने तू ताटं वाजवत बसलास? मला सांगावंसं नाही वाटलं?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी. मी एवढंच म्हणालो, की हाक मारली तर ही वळत नाही. तू म्हणालीस, ‘माझ्या मुलीत खोट काढायला तुझी जीभ कशी रेटते?’ बॅग भरून माहेरी गेलीस. चार दिवस माझा फोन घेतला नाहीस.”

माहेरी गेले होते ते आठवत होतं. कशावरून, ते आठवत नव्हतं. आजही नीट आठवत नाही. पण मी तसं बोलले असणार, कारण शब्द माझेच होते. दहा मिनिटांपूर्वी आत त्या मुलीला मी तेच ऐकवलं होतं.

“चार दिवस!” मी ओरडले. आजूबाजूचे लोक बघायला लागले, बघू देत. “माझ्या चार दिवसांच्या अबोल्याला घाबरून तू पोरीचे तीन महिने घालवलेस? अरे, मी ओरडले असते, भांडी फेकली असती, परत माहेरी गेले असते. जाऊ द्यायचंस! पोरीला उचलून डॉक्टरकडे न्यायचं होतंस. बाप आहेस ना तू तिचा?”

“म्हणून आज घेऊन आलो. म्हटलं, तू स्वतः बघितलंस तर...”

“मशीन बघायच्या निमित्ताने! चोरासारखं!”

“यादी तुझी होती,” तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “पहिलं काय लिहिलंस तू? आवाज कमी. का? ती मिक्सरने उठत नाही, कुकरने उठत नाही, हे तूच सगळ्यांना सांगतेस. मग आवाज कमी कोणासाठी हवा होता?”

मी केतकीची कानटोपी उगाच सारखी केली.

“तुला पण माहीत होतं,” तो म्हणाला.

मी त्याच्या दंडावर जोरात चापट मारली. भर पार्किंगमध्ये, रविवारी दुपारी, माणसांसमोर. तो हलला नाही. माझ्या कडेवरची केतकी माझ्या तोंडाकडे बघून रडायला लागली. आवाज ऐकून नाही. माझं तोंड बघून.

घरी आल्यावर मी चपला न काढता स्वयंपाकघरात गेले, स्टीलचं ताट आणि उलथनं घेतलं. केतकी बैठकीत पाठमोरी बसून डबे रचत होती. मी तिच्या मागे उभी राहून ताट वाजवलं. मग पुन्हा. मग हात दुखेपर्यंत वाजवलं. तिने डब्यावर डबा ठेवला.

सासूबाई आतून धावत आल्या. “अगं बाई, पोरीच्या डोक्याशी काय वाजवू राहिलीस?”

“आई, हिला ऐकू येत नाही.”

त्यांना धक्का बसायला हवा होता. त्या नुसत्या खाली बसल्या आणि त्यांनी केतकीला मांडीवर ओढलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“दिवसभर माझ्यापाशीच असते ना लेकरू. मला नाही कळायचं तर कोणाला?”

“मग धीट आहे, धीट आहे म्हणून सांगत का फिरलात?”

“मग काय सांगू? आमची नात बहिरी आहे, असं सांगू? उद्या लोकं तेवढंच धरून बसतील.” त्या केतकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. “वाटलं, जरा मोठी झाली की येईल ऐकायला. आमच्या दिराचा मुलगा चार वर्षांचा होऊन बोलला. आणि तुला सांगायची छाती कोणाची गं? दूध उतू गेलं तर दोन दिवस बोलत नाहीस तू.”

मी ताट जमिनीवर आपटलं. परीक्षानळीत रंग जरासा बदलला तरी ओळखणारी मी, आणि माझ्याच घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त मला सोडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी त्या दोघांना वाट्टेल ते बोलले. ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी गळा बसला तेव्हा थांबले, आणि केतकी दुपारची झोपली होती तिला उठवायला गेले. तिच्या पायाच्या तळव्याला हात लावला. मग माझ्या लक्षात आलं, की मी तिला कायम पायाला हात लावूनच उठवत होते. नाव घेऊन उठवायचं कधी सोडलं, ते मला सांगता आलं नसतं.

केतकी आता सोळा वर्षांची आहे. कानांना यंत्रं लागली, पुढे ऑपरेशन झालं, बोलायला शिकवायला मी नोकरी सोडून तीन वर्षं घरी बसले. ती बोलते, भांडते, दारं आपटते, अगदी माझ्यासारखी. सगळं चांगलं झालं, आता तरी राग सोड, असं माझी बहीण म्हणते. मला नाही सोडता येत. ते तीन महिने मला अजून डाचतात. मिलिंदवर मी आजही चिडते, आणि का चिडते हे त्याला ठाऊक असतं. कॉफी आम्ही अजून पातेल्यातच करतो.

पण राहून राहून आठवतं ते दुकान नाही आणि पार्किंगही नाही. त्यानंतरचा बुधवार आठवतो. कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. केतकीला औषध देऊन झोपवलं होतं, डोक्याला तारा चिकटवल्या होत्या, कानात आवाज सोडत होते आणि समोरच्या पडद्यावर रेघा येत होत्या. ते संपल्यावर आम्ही दोघं डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलो. केतकी मिलिंदच्या मांडीवर अजून गाढ झोपेत होती. डॉक्टर वयस्कर होते, शांतपणे बोलत होते. दोन्ही कानांत दोष आहे, खूप आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे काय काय करता येईल तेही सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, “घरात कधी लक्षात आलं?”

“दिवाळीत,” मी म्हणाले.

“दिवाळीत?” त्यांनी चष्मा काढला. “या वयात एकेक महिना महत्त्वाचा असतो हो. मग इतके दिवस का थांबलात?”

मी पेन टेबलावर ठेवलं आणि मिलिंदकडे वळले.

त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. त्याचे खांदे वर चढले, मान आत गेली, आणि त्याचा हात आपोआप केतकीच्या कानावर गेला.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.